न्योर्डलिंगनचं रीस विवर संग्रहालय: दगडापासून सुरू होणारी जिल्ह्याची ओळख

म्युनिक, आउग्सबुर्ग किंवा श्टुटगार्टला राहणाऱ्या मराठी मंडळींच्या सहलींत न्योर्डलिंगन येतं ते रोमँटिक रोड या पर्यटनमार्गावरचं तटबंदीचं गाव म्हणून. तटावर थोडं चालायचं, लाल कौलांचे फोटो काढायचे आणि रोटेनबुर्गची वाट धरायची. गाव ज्यात वसलंय त्या उल्काविवराची गोष्ट सांगणारं इथलं रीस विवर संग्रहालय यात हमखास राहून जातं. आमचं स्पष्ट मत असं की वेळ कमी असेल तर तटावरचा फेरफटका सोडा, संग्रहालय सोडू नका. डोनाउ-रीस जिल्ह्यातली शेती कुठे पिकते, चर्चचे दगड राखाडी का, हार्बुर्गला सिमेंटचा कारखाना का, या सगळ्याची उत्तरं या एका इमारतीतून सुरू होतात.

संग्रहालय १९९० साली उघडलं. इमारत १५०३ सालचं लाकडी तुळयांचं जुनं कोठार आहे आणि ते ज्या चौकात उभं आहे त्याला यूजीन शूमेकर या अमेरिकन भूवैज्ञानिकाचं नाव दिलेलं आहे. हे नाव तिथे का, ते कळलं की निम्मं संग्रहालय कळलं.

रीस म्हणजे सुमारे २५ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल, सपाट मैदान. भोवती शंभर-दीडशे मीटर उंचीच्या टेकड्यांचं कडं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अभ्यासक याला ज्वालामुखीची करामत समजत, आणि त्याला कारणही तसंच होतं. इथे सापडणारा सुएव्हाइट नावाचा राखाडी दगड ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या टफसारखाच दिसतो. १९०४ साली एर्न्स्ट वेर्नर यांनी आणि १९३६ साली ओट्टो श्टुत्सर यांनी उल्कापाताची शक्यता मांडली, पण ती कोणी मनावर घेतली नाही. १९६० साली शूमेकर यांनी जिल्ह्यातल्या ओटिंग गावच्या खाणीतून सुएव्हाइटचे नमुने घेतले आणि त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांना त्यांत कोएसाइट सापडलं. कोएसाइट हे क्वार्ट्झचं प्रचंड दाबाखाली होणारं रूप. ज्वालामुखी उष्णता भरपूर देतो, पण जमिनीच्या पृष्ठभागाजवळ इतका दाब देऊ शकत नाही. इथे वाद मिटला.

लोणार पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवरही दीर्घकाळ ज्वालामुखीच्या खात्यात जमा होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बेसॉल्टमध्ये आघाताच्या खुणा सापडल्यावर चित्र पालटलं. म्हणूनच लोणारच्या लोकांनी, आणि लोणारवर काही करू पाहणाऱ्या सगळ्यांनीच, हे संग्रहालय मुद्दाम पाहावं. मात्र लोणार डोळ्यांसमोर ठेवून इथे आलात तर निराशा पक्की. लोणारला काठावर उभं राहिलं की अख्खं विवर एका नजरेत येतं, कारण त्याचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर आहे. तशी तेरा विवरं रीसमध्ये एका ओळीत मावतील. इथे तुम्ही गाडीतून उतरता तेच विवराच्या तळाशी, आणि तरीही काही दिसत नाही. लोक 'विवर कुठे आहे?' असं विचारत परत जातात ते यामुळेच.

आता आतल्या मांडणीबद्दल. मांडणीचा क्रम उत्तम आहे: आधी उल्का आणि ग्रहांवरची विवरं, मग आघात नेमका कसा होतो, मग रीसचे खडक, मग विवरात साचलेल्या तळ्यातलं जीवन. हा क्रम मोडू नका. पुष्कळ जण चांद्रखडकाकडे थेट धाव घेतात आणि मधली दालनं चाळल्यासारखी करतात. खरा ऐवज तिथेच आहे.

आघाताची कथा थोडक्यात अशी. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी साधारण १ किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास वेगाने इथे आदळला. वर पाचसहाशे मीटर गाळाचे खडक होते (चुनखडी, चिकणमाती, वालुकाश्म) आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया. लघुग्रहाची वाफ झाली. वरचे थर फुटून, एकमेकांत मिसळून बाहेर फेकले गेले, पण ते फारसे तापले नाहीत. हा झाला 'बुंटे ब्रेकिया', म्हणजे रंगीबेरंगी मिश्र मलबा. तो विवराच्या कित्येक किलोमीटर बाहेरपर्यंत पसरला. खालच्या पायाचे खडक मात्र अंशतः वितळले आणि त्यांचा तापलेला ढग वर उठून मागाहून या मलब्यावर बसला. तो सुएव्हाइट. म्हणून जिल्ह्यात जिथे जिथे दोन्ही दिसतात तिथे खाली बुंटे ब्रेकिया, वर सुएव्हाइट असाच क्रम असतो. अगदी पहिल्या क्षणी उडालेले वितळलेले थेंब तर आजच्या चेकियापर्यंत जाऊन पडले. तिथे मिळणारे हिरवे मोल्डाव्हाइट ते हेच.

हे तीन प्रकार संग्रहालयात शेजारी शेजारी पाहायला मिळतात आणि इथे किमान अर्धा तास द्यायला हवा. पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. सुएव्हाइटमध्ये काळपट, चपटे, पिळवटल्यासारखे काचेचे तुकडे असतात. हवेत उडताना अजून मऊ असल्यामुळे त्यांना तो आकार आला. दुसरी गोष्ट म्हणजे शंकूच्या आकारात पसरणाऱ्या बारीक रेघांचे खडक. आघाताची लाट खडकातून गेल्याची ही डोळ्यांनी दिसणारी खूण आहे. कोएसाइट पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, या रेघांना लागत नाही.

अपोलो १६ने आणलेला चांद्रखडकाचा तुकडा हे संग्रहालयाचं आकर्षण, आणि तो इथे नुसता शोभेला ठेवलेला नाही. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल इथल्या खाणींत भूविज्ञानाचं प्रशिक्षण घ्यायला आले होते. त्यांच्यासोबत यूजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीरही होते. चंद्रावर कोणता दगड उचलायचा हे ठरवायचं असेल तर आघाताने झालेला खडक हाताळलेला असावा, हे त्यामागचं साधं कारण. फेब्रुवारी १९७१ मध्ये शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर उतरले.

हिऱ्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण 'हिऱ्यांचं गाव' अशा मथळ्यांमुळे बरेच जण येतात. सुएव्हाइटमध्ये हिरे आहेत, हे खरं. खालच्या खडकातल्या ग्रॅफाइटचे आघाताच्या दाबाने हिरे झाले. पण ते मिलिमीटरच्या अंशाएवढे आहेत. गावात सुएव्हाइटच्या भिंतीवर चमकणारं जे काही दिसेल ते हिरा नसून अभ्रक किंवा क्वार्ट्झ असणार. खाणकाम करण्याजोगं त्यात काही नाही, दागिन्याचं तर नावच नको.

त्रुटीही सांगतो. हे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे आणि ते दगडापाशी थांबतं. त्या दगडावर माणसं कशी जगली, कुठे काय पिकवलं, कुठल्या लढाईत काय गमावलं, याची ओढ लागली की आत उत्तर मिळत नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागतं. दुसरं, मजकूर दाट आहे. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र शाळेत शिकलेल्याला अडचण नाही, पण आठ-नऊ वर्षांखालची मुलं उल्का आणि चांद्रखडक पाहून झाल्यावर कंटाळतात. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत काय उपलब्ध आहे ते तिकीट खिडकीवर आधी विचारा, आत शिरल्यावर नको. सोमवारी संग्रहालय बंद असतं. हिवाळ्यात वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ पाहून घ्या. एकूण दोन तास धरावेत.

बाहेर पडल्यावर लगेच संत गेओर्ग चर्चकडे जा. हे अख्खं चर्च आणि त्याचा ९० मीटर उंच मनोरा सुएव्हाइटचा आहे. मनोऱ्याला इथे सगळे 'डानिएल' म्हणतात. भिंतीजवळ उभं राहून आत्ताच शिकलेल्या काचेच्या काळ्या चकत्या शोधा, एका हातभर दगडात पाच-दहा सहज सापडतात. त्याच वेळी दगडाची दुखणीही दिसतील. सुएव्हाइट खाणीतून काढायला आणि घडवायला सोपा, म्हणून तो वापरला. पण त्यातली काच काळाच्या ओघात मातीखनिजांत बदलते, त्यांत पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. त्यामुळे या चर्चच्या दगडांची दुरुस्ती कधी संपतच नाही. नवे बसवलेले दगड रंगावरून वेगळे ओळखू येतात. ते पाहणं हाही अभ्यास आहे.

डानिएलला ३५० पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. खालचे जिने दगडी, वरचे लाकडी आणि अरुंद. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हट्ट धरू नये. सुटे युरो जवळ ठेवा. वरून जे दिसतं त्यासाठी मात्र हे कष्ट सोसावेत. चहूबाजूंना झाडीने भरलेल्या टेकड्यांचं कडं दिसतं, मध्ये जवळजवळ झाडं नसलेली सपाट शेती आणि पायाशी गोलाकार गाव. संग्रहालय आधी आणि मनोरा नंतर, हाच क्रम ठेवा, कारण ते कडं विवराची कडा आहे हे माहीत नसेल तर नजर त्यावरून नुसती फिरून जाते. आणखी एक: ऑक्टोबर ते फेब्रुवारी या खोलगट मैदानात थंड हवा साचून धुकं धरतं. अशा दिवशी सकाळी वर गेलात तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसणार नाही. दुपारपर्यंत थांबा. रात्री मुक्काम असेल तर १० ते १२च्या दरम्यान दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी 'झो ग्झेल झो' अशी हाळी देतो. ती अजून जिवंत परंपरा आहे.

वरून गावात दोन वर्तुळं दिसतात. आतल्या रस्त्यांचं वर्तुळ पहिल्या तटाच्या जागेवर आहे. बाहेरचा तट १३२७ पासून बांधला गेला. त्याला ५ वेशी, घेरा २.७ किलोमीटर, छप्पर असलेली वाट सलग चालता येते आणि तिकीट नाही. गाव गोल आहे आणि विवरही गोल आहे, पण या दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उत्साही माहितीपट कधीकधी तसं सुचवतात म्हणून सांगितलं.

एवढा तट शाबूत राहिला यामागे अर्थकारण आहे. १२१५ पासून न्योर्डलिंगन थेट पवित्र रोमन सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त नगर होतं. इथल्या जत्रेचा उल्लेख १२१९ सालापासून सापडतो. दूरदूरचे व्यापारी येत, आणि स्थानिक माल म्हणजे लोकरी लोडन कापड आणि कातडं. एगर नदीकाठच्या चांभार-वस्तीत उंच छपरांची, वरचे मजले हवेशीर ठेवलेली घरं आजही आहेत. ते मजले कातडी वाळवण्यासाठी होते. मग तीस वर्षांचं युद्ध (१६१८–४८, कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलेलं) आलं. सप्टेंबर १६३४ मध्ये गावाबाहेरच्या आल्बुख टेकडीवर स्वीडिश आणि प्रोटेस्टंट फौजांचा सम्राटाच्या आणि स्पेनच्या फौजांनी दणदणीत पराभव केला. वेढा, उपासमार आणि रोगराई यांत गावाने आपली निम्मी माणसं गमावली. व्यापार पुन्हा त्या पातळीवर आला नाही. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं. आज पर्यटक जे पाहायला येतात ती मुळात त्या गरिबीची देणगी आहे. जत्रा अजूनही भरते, उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या दिवसांत मुक्काम करायचा तर खोली फार आधी धरावी लागते.

शेतीचं गणितही डानिएलवरूनच दिसतं. आघातानंतर विवरात तळं झालं आणि ते सुमारे वीस लाख वर्षं टिकलं. तळाशी शेकडो मीटर गाळ साचला. १९७३ साली इथे १,२०६ मीटर खोल संशोधन-बोअर घेतली, तेव्हा हे थर नीट मोजता आले. त्यावर हिमयुगात वाऱ्याने आणलेली बारीक पिवळसर लोएस माती बसली. त्यामुळे मैदानात गहू, बार्ली उत्तम आणि जंगल जवळजवळ नाही. कडेच्या टेकड्यांवर चुनखडी आणि पातळ माती, म्हणून तिथे जंगल आणि मेंढ्यांची कुरणं. गावोगावच्या पाळीव हंसांचाही रीसमध्ये मोठा लौकिक होता. हे नीट समजून घ्यायचं तर माइहिंगनचं शेतकरी-संग्रहालय पाहा. रीस विवर संग्रहालय जिथे थांबतं तिथून ते पुढे नेतं.

खुल्या जागा हा या जिल्ह्याचा सर्वांत मोठा ठेवा आहे. २०२२ साली रीसला युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कचा, म्हणजे भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला. अनेक जुन्या खाणी माहितीफलक लावून पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. एकच करता येणार असेल तर होल्हाइमची लिंडल खाण निवडा. न्योर्डलिंगनपासून सुमारे ५ किलोमीटर, सायकलने सहज. जवळच ओफ्नेट गुहा आहेत, जिथे मध्याश्मयुगातल्या माणसांच्या कवट्या खड्ड्यांत रचलेल्या सापडल्या, आणि पायथ्याशी रोमन शेतवाड्याचे अवशेष आहेत. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने फुटलेली चुनखडी, शिकारी माणसं, रोमन शेती हे सगळं अर्ध्या दिवसात पायी होतं. दुसरी जागा वालरस्टाइनचा खडक. मैदानातून एकटाच वर आलेला हा चुनखडीचा सुळका जुन्या तळ्यातल्या झऱ्यांच्या निक्षेपांतून बनला. एटिंगनजवळच्या आउम्युले खाणीत बुंटे ब्रेकियावर बसलेला सुएव्हाइट दिसतो, आणि दोहोंमधली सीमारेषा इतकी स्पष्ट आहे की संग्रहालयातला आकृतीपट तिथे भिंतीवर उतरल्यासारखा वाटतो. हातोडी नेऊ नका, या जागा संरक्षित आहेत. पाऊस पडून गेल्यावर बुंटे ब्रेकियाची चिकणमाती बुटांना गच्च धरते, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट हवेत.

इथेच प्रवासाचं गणित चुकतं. डोनाउव्ह्योर्ट–न्योर्डलिंगन–आलन हा रेल्वेमार्ग विवर ओलांडून जातो आणि डोनाउव्ह्योर्टहून अर्ध्या तासात पोचवतो. म्युनिकहून आउग्सबुर्ग-डोनाउव्ह्योर्टमार्गे साधारण दोन तास धरा, श्टुटगार्टहून आलनमार्गे जवळपास तेवढेच. दोन्हीकडून प्रादेशिक गाड्यांत डोइचलांड-तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) चालतं. म्युनिकहून गट असेल तर बायर्न-तिकीट (बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं तिकीट) स्वस्त पडतं, फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. पण रेल्वेमार्गापासून दूरच्या गावांना, म्हणजे एटिंगन, वेमडिंग, ओटिंग यांना, बसवर अवलंबून राहायचं तर शनिवार-रविवार टाळा. फेऱ्या मोजक्या असतात आणि एक चुकली की पुढचा कार्यक्रम कोसळतो. मैदान सपाट असल्याने सायकल हा उत्तम उपाय. चढ फक्त कडेला लागतात.

जेवणाचं एवढंच: शाकाहाऱ्यांसाठी केझश्पेट्सले, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या घरगुती शेवया, हा पोटभरीचा पदार्थ. डुकराचे तुकडे घालतात का ते विचारून घ्या. फ्लेडले सूप (पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं) दिसायला शाकाहारी, पण रस्सा बहुधा गोमांसाचा. छोट्या गावांत दुपारी २ ते ५ स्वयंपाकघरं बंद असतात.

दुसरा दिवस असेल तर व्ह्योर्निट्स नदी धरून खाली या. नदी विवराची कडा फोडून जिथे बाहेर पडते तिथे हार्बुर्ग आहे: वर किल्ला, खाली सिमेंटचा कारखाना. कडेच्या चुनखडीवर हा धंदा उभा आहे, आणि रीसचा सुएव्हाइटही दळून ट्रास (सिमेंटात मिसळायची दगडाची पूड) म्हणून सिमेंटात घातला जातो. त्याने सिमेंटमधला मोकळा चुना बांधला जातो आणि दगडी बांधकामावर पांढरे डाग कमी येतात. चर्चमध्ये दगड म्हणून जो झिजतो, तोच दळल्यावर उपयोगी पडतो.

तिथून डोनाउव्ह्योर्ट, जिल्ह्याचं मुख्य ठाणं, जिथे व्ह्योर्निट्स डॅन्यूबला मिळते. १६०७ साली एका धार्मिक मिरवणुकीच्या दंग्यावरून सम्राटाने या प्रोटेस्टंट नगराला बहिष्कृत केलं आणि बव्हेरियाच्या माक्सिमिलियानने ते ताब्यात घेतलं. तीस वर्षांच्या युद्धाकडे नेणाऱ्या घटनांत याचा क्रम वरचा आहे. आज गावाचं पोट हेलिकॉप्टरवर चालतं. एअरबस हेलिकॉप्टर्सचा जर्मनीतला मुख्य कारखाना इथे आहे, आणि त्याची मुळं रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात आहेत. शेजारच्या आसबाख-बॉयमेनहाइमला फेन्ट ट्रॅक्टरच्या केबिन बनतात, मेर्टिंगनला त्सोट डेअरी, एटिंगनला बराच काळ जाहिरातीविना स्वस्तात विकली गेलेली बिअर. शेतीचा जिल्हा म्हणून आलेल्याला हे अनपेक्षित वाटतं. न्योर्डलिंगनलाही छपाईचा मोठा उद्योग आहे, कारण सी. एच. बेक हे नामवंत प्रकाशनगृह १७६३ साली तिथेच सुरू झालं.

डोनाउव्ह्योर्ट आणि न्योर्डलिंगन १९७२च्या जिल्हा-फेररचनेत एका जिल्ह्यात आले आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याला आजचं नाव मिळालं. दोन्ही गावांची चढाओढ अजून आहे. न्योर्डलिंगनवाल्यांना गाडीच्या नंबरपाटीवर त्यांच्या जुन्या जिल्ह्याची अक्षरं आता पुन्हा घेता येतात, आणि ती घेतलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो दाट मजकुरासाठी. भूविज्ञानाचे विद्यार्थी, शाळेचे वरच्या वर्गांतले शिक्षक, लोणारवर काम करणारे आणि सहावीच्या पुढची मुलं असलेली कुटुंबं यांनी जरूर जावं. एकाच दिवसाची सहल असेल तर सकाळी ११च्या आत पोचा: संग्रहालय, जेवण २च्या आत, डानिएल, मग सायकलने होल्हाइम. सायकल भाड्याची घेणार असाल तर ती आदल्या दिवशी फोन करून ठरवा.